पुराचे घर : धुणे दोन दिवसांचे, वाळवणे दोन महिन्यांचे

पूर ओसरला की घरात परतणारा माणूस आधी खराटा आणि फावडे शोधतो. चिखल डोळ्यांना दिसतो, त्याचा वास येतो, म्हणून तो आधी निघतो. दोन दिवसांत फरशी चकचकीत होते, शेजारीपाजारी मिळून घर धुऊन काढतात, तिसऱ्या दिवशी चूल पेटते आणि त्या रात्री सगळे कुटुंब त्याच घरात झोपते. भिंत मात्र अजून पाणी पिऊन उभी असते.

२००५ आणि २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने बुडवलेले चिपळूण, त्याच दिवसांत सावित्रीने वेढलेले महाड. पुराच्या आठवड्यात शिबिरात जखमा, जुलाब आणि ताप येतात, त्यासाठी डॉक्टर आणि औषधे पोहोचतात. दीड-दोन महिन्यांनी येतात ती दम्याने धापणारी म्हातारी माणसे, रात्रभर खोकणारी लेकरे, अंगाला खाज सुटलेल्या बाया. तोवर मदतीचे ट्रक परत गेलेले असतात आणि या खोकल्याचा पुराशी संबंध कोणी जोडत नाही. आम्ही जोडतो, कारण त्या घरात गेल्यावर कपाटामागची काळी-हिरवी बुरशी आम्हाला दिसते.

आपल्या बऱ्याच वस्त्या नदीकाठी, ओढ्यालगत, गावाच्या सखल अंगाला आहेत. त्या तिथे का आहेत, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. पाणी आधी तिथे येते आणि सगळ्यांत शेवटी तिथून जाते. भिंत जितके दिवस पाण्यात, तितके ती जास्त पिते. म्हणून वाळवण्याची गरजही आपल्यालाच जास्त.

मोठ्या शहरांत भिजलेली घरे आणि ऑफिसे साफ करून वाळवून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या हवेतले पाणी खेचणारी यंत्रे आणतात, जोरदार पंखे लावतात, भिंतीला टोचून ओल मोजणारे मीटर वापरतात. हे आपल्या खिशाला झेपणारे नाही. पण त्यांच्या कामामागचे शास्त्र फुकट आहे आणि ते शिकून घ्यावे असे आम्हाला वाटते. त्यांचा पहिला नियम असा, की पाणी कुठून आले ते बघायचे. नळ फुटून आलेले पाणी वेगळे, मोरीचे वेगळे आणि पुराचे वेगळे. पुराचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी ते गटाराचेच समजायचे, कारण त्यात संडासाच्या टाक्या, मेलेली जनावरे, शेतातली औषधे असे सगळे मिसळलेले असते. दुसरा नियम, ओल्या वस्तूवर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात, तेव्हा घड्याळ पाणी उतरल्यापासूनच सुरू होते.

घरात पाऊल टाकण्याआधी वीज. मीटर किंवा बोर्ड पाण्यात गेला असेल तर ओल्या पायांनी मेन स्विचला हात लावायचा नाही. महावितरणच्या माणसाला किंवा जाणत्या वायरमनला बोलवा. बोर्ड उघडून वाळवल्याशिवाय आणि भिजलेले एमसीबी बदलल्याशिवाय लाईट चालू करू नये. पुरात वाचलेला माणूस घर साफ करताना शॉक लागून जातो, हे टाळता येण्यासारखे मरण आहे. सामान उचलताना आधी काठीने हलवा, साप कोरडी जागा शोधत घरात आलेले असतात. चावलाच तर थेट ग्रामीण रुग्णालयात जायचे, मांत्रिकाकडे नाही.

चिखलाला हात लावण्याआधी मोबाईलने फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेले धान्य, पलंग, फ्रीज, शिलाई मशीन, सगळे. घर आवरून स्वच्छ केल्यावर तलाठी पंचनाम्याला आला तर त्याला काय दाखवणार? भाड्याने राहणाऱ्यांनी तर हे नक्की करावे, कारण त्यांच्याकडे कागद कमी असतात.

आता अंगाची काळजी. उंदराच्या लघवीतून पाण्यात-चिखलात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगांतून, चिखल्यांतून, बारीकशा खरचटण्यातून शरीरात जातात. म्हणून गमबूट आणि रबरी हातमोजे हवेत. गमबूट नसतील तर पायात मोजे, त्यावर जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर बूट, हेही अनवाणीपेक्षा बरे. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्यावे. चिखलात काम केलेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. गरोदर बायांना आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत, म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याला वाटू नका. काम झाल्यावर साधारण महिनाभरात कधीही ताप आला, डोके ठणकले, पोटऱ्या दाबल्यावर दुखल्या, डोळे लाल झाले तर दवाखान्यात गेल्या गेल्या सांगायचे, ‘मी पुराचा चिखल काढला आहे.’ या एका वाक्याने डॉक्टरांचे निदान लवकर होते. लघवी कमी होईपर्यंत किंवा डोळे पिवळे होईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

चिखल ओला असतानाच काढावा. वाळला की तो दगड होतो आणि झाडताना त्याची धूळ छातीत जाते. धुणे वरून खाली. स्टीलची भांडी साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढली की वापरायला मोकळी. कापसाच्या गाद्या, उशा, फोमचे सोफे, फुगलेले प्लायवूड यांचा मात्र मोह सोडावा. गादी वरून वाळते, आतून वाळत नाही. ज्या घराने हप्त्यावर पलंग घेतला त्या घराला ‘फेकून द्या’ म्हणणे सोपे नाही, हे आम्हाला कळते. तरीही दमेकरी माणसाला त्या गादीवर झोपवू नका. भिजलेले धान्य वाळवून खाऊ नये, कोंबड्यांनाही घालू नये. भिजलेल्या गोळ्या टाकून द्याव्यात. टीबीची, एआरटीची, बीपी-शुगरची औषधे चालू असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातून पुन्हा घ्यावीत, खंड पडू देऊ नये.

जंतुनाशक धुतल्यावर लावायचे, आधी नाही. चिखल क्लोरीन खाऊन टाकतो. ग्रामपंचायतीतून मिळते त्या टीसीएल पावडरचे ४० ग्रॅम, म्हणजे साधारण चार मोठे सपाट चमचे, १० लिटर पाण्याच्या प्लास्टिकच्या बादलीत कालवावे. गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या निवळीने फरशी, ओटा, दारे पुसावीत. दहा मिनिटे तशीच ओली राहू द्यावीत, मग पुसून काढावीत. पावडर जुनी असेल, तिला उग्र वास नसेल, तर ती नुसती माती आहे. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लिचिंग कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू फुफ्फुसे जाळतो. हे मिश्रण फक्त फरशीसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे. पिण्याचे पाणी उकळावे किंवा आरोग्य केंद्राने दिलेली क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. (रस्त्याच्या कडेने पावडरच्या पांढऱ्या रेघा ओढतात, त्याने पाहुण्यांना बरे वाटते. घरातल्या जंतूंना त्याचे काही नसते.)

संडासाची टाकी भरली असेल तर उपसा करणारी गाडी मागवा. नगरपरिषदेच्या दारात जाऊन बसावे लागले तरी चालेल, पण टाकीत माणूस उतरवायचा नाही. आत साचलेल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने हे काम माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. पुराची आणीबाणी ही त्यातली सूट नाही. आणि उतरवायला शोधला जाणारा माणूस नेहमी कोणत्या वस्तीतला असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. बाहेरगावाहून चिखल काढायला आलेल्या सफाई कामगारांच्या पायांकडेही बघा. गमबूट नसतील तर त्यांच्या मुकादमाला विचारा. चहा-नाश्ता देणे चांगलेच, पण बूट आधी.

आता वाळवणे. विटेची भिंत वातीसारखी पाणी वर ओढते, त्यामुळे पाण्याच्या रेघेच्याही वर ओल चढते. बाहेरचा सिमेंटचा गिलावा कोरडा दिसतो आणि आत वीट ओली असते. नऊ इंची भिंतीला पूर्ण वाळायला महिने लागतात. तिला मोकळे करणे हे आपले काम. भिंतीला लागून एकही वस्तू ठेवू नका, कपाट हातभर पुढे ओढा, पलंगाखाली विटा द्या. जमिनीवरची प्लास्टिकची चटई, भिंतीवरचे चिकटवलेले शीट, प्लायचे पार्टिशन काढून टाका. गिलाव्यावर बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग गवंड्याकडून उतरवून घ्या. बुरशी दिसत असेल तर पंखा लावण्याआधी तोंडाला एन-९५ मास्क बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने ती पुसा. कोरड्या ब्रशने खरवडली की तिचे कण घरभर उडतात, पंख्यानेही तेच होते. नुसते ब्लिचिंग फासून बुरशीचा रंग जातो, ओल असेतोवर बुरशी परत येते.

पंखा भिंतीवर सरळ रोखू नये, भिंतीला घासून वारा जाईल असा तिरका ठेवावा. दारे-खिडक्या केव्हा उघडायच्या? दोरीवरचे कपडे ज्या दिवशी वाळतात, त्या दिवशी सताड उघड्या. चिपळूण-महाडकडे जुलै-ऑगस्टची हवाच इतकी दमट असते, की अनेक दिवस कपडे वाळत नाहीत. तेव्हा पावसाच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावावा, म्हणजे आतली दमट हवा बाहेर फेकली जाते. सगळ्यांकडे पंखे नसतात. विहारात चार-पाच टेबलफॅन एकत्र करून पाळीपाळीने घरोघरी फिरवावेत. दमेकरी, बाळंतीण आणि तान्हे मूल असलेल्या घराचा नंबर पहिला, आणि ती माणसे तोवर विहारात किंवा नातेवाइकांकडे झोपावीत. ऊब यावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका, जनरेटरही घरात चालवू नका. त्यांच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

मातीच्या भिंतींचे गणित निराळे आहे. पाण्याचा पाईप मारून त्या धुऊ नयेत आणि घाईने वाळवूही नयेत. पाऊस थांबून ऊन पडले की त्या तडकतात, फुगतात आणि कोसळतात. गवंड्याने पाहिल्याशिवाय अशा घरात झोपू नये.

कागदांसाठी एक घटका वेगळी काढा. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, मुलांच्या गुणपत्रिका, हे पुन्हा मिळवायला किती खेटे पडतात! चिखल लागला असेल तर ताटात स्वच्छ पाणी घेऊन कागद अलगद बुडवून काढा. मग सावलीत, कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा आणि ते कोरे कागद दर काही तासांनी बदला. एकमेकांना चिकटलेले ओले कागद ओढून सोडवू नका. बाबासाहेबांचे खंड भिजले असतील तर उभे करून, पाने थोडी उघडून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि दर वीस-पंचवीस पानांनंतर कोरा कागद घाला. एकदम इतके जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या पानांवर बुरशी चढत नाही, सवडीने वाळवता येते.

घर कोरडे करून देतो म्हणून फवारणीवाले वस्तीत फिरतात. त्यांना एकच विचारा, फवारणीनंतर भिंतीतली ओल किती उतरेल आणि ती तुम्ही कशाने मोजून दाखवणार? मीटर नसेल तर पैसे देऊ नका. धुराने डास मरतात, भिंत वाळत नाही.

पूर श्रावणाच्या आसपास येतो आणि अशोक विजयादशमी ऑक्टोबरात. त्याआधी घराला पांढरा रंग काढायची आपल्याकडे घाई असते. ओल्या भिंतीवर ऑईल पेंट किंवा डिस्टेंपर मारला तर ओल आत कोंडते, खार फुटतो, पोपडे निघतात आणि बुरशी रंगाच्या आतून येते. त्या वर्षी नुसत्या चुन्याची सफेदी करावी. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि बुरशीला मानवत नाही. रंगच काढायचा असेल तर आधी हातभर लांब-रुंद पातळ प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून पाण्याच्या रेघेखाली भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. आतल्या बाजूला दव धरले तर तुकडा काढा, पंधरा दिवसांनी पुन्हा लावून बघा, आणि तोवर रंगाऱ्याला थांबायला सांगा.