पिकाने किती पाणी प्यायले? उपग्रहाचे उत्तर आणि आपले गैरसमज

धरणात किती टीएमसी पाणी आहे हे रोजच्या वर्तमानपत्रात छापून येते. कालव्यातून किती क्युसेकने आवर्तन सुटले तेही कळते. पण शेतात पोचलेल्या पाण्यापैकी किती पाण्याची वाफ झाली, हा आकडा कुठेच दिसत नाही. ओल्या जमिनीवरून होणारे बाष्पीभवन आणि पिकाच्या पानांतून होणारे पर्णोत्सर्जन मिळून जे बाष्पपर्णोत्सर्जन होते, तोच शेतीतल्या पाण्याचा खरा खर्च आहे. मुरलेले पाणी खालच्या विहिरीला लागते, वाहून गेलेले ओढ्याला मिळते. वाफ झालेले पाणी मात्र त्या हंगामात त्या खोऱ्यातल्या कुणाच्याच हाती लागत नाही.

हा खर्च आता उपग्रहांच्या मदतीने काढता येतो. पण त्याविषयी काही समजुती अशा रुजल्या आहेत की एक तर माणसे या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, नाही तर ते हातही न लावता बाजूला सारतात. दोन्हींत नुकसान पाण्याचेच आहे.

‘उपग्रह वाफ मोजतो’

मोजत नाही. उपग्रह मोजतो ते जमिनीकडून येणारे प्रकाशाचे आणि उष्णतेचे किरण. उष्णतेच्या किरणांवरून पृष्ठभागाचे तापमान कळते, आणि वाफेपर्यंत जाण्याचा रस्ता तिथूनच निघतो. माठातले पाणी गार राहते, कारण बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जाते. पिकाचेही तेच. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. तेवढेच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला जितकी ऊर्जा लागेल, त्याच्या जवळजवळ सहापट! म्हणून भरपूर पाणी पिणारा ऊस भर उन्हातही थंड दिसतो आणि शेजारची पडीक जमीन तापलेली दिसते.

पुढचे सगळे ऊर्जेच्या जमाखर्चाचे गणित आहे. सूर्याकडून आणि आकाशातून आलेल्या ऊर्जेतून परत फेकली गेलेली ऊर्जा वजा केली की निव्वळ जमा कळते. तिच्यातला काही भाग माती तापवतो, काही हवा तापवतो. उरलेली ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च झालेली असते. यात अवघड काम म्हणजे हवा तापवण्यात किती ऊर्जा गेली ते ठरवणे. नेदरलँड्सचे विम बास्तियान्सेन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सेबल’ पद्धतीत त्यावर नामी तोडगा काढला. एकाच चित्रातला अगदी कोरडा, तापलेला ठिपका आणि अगदी ओला, थंड ठिपका निवडायचा. पहिल्यात वाफ जवळपास शून्य, दुसऱ्यात जवळपास पूर्ण. बाकी सगळी शेते या दोन टोकांच्या मध्ये बसवायची. अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात रिचर्ड ॲलन आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना हवामान केंद्राच्या नोंदींशी जोडून ‘मेट्रिक’ पद्धत बसवली.

उत्तर मिलिमीटरमध्ये येते. आपल्या हिशोबात सांगायचे तर एका गुंठ्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी, आणि एकरावर सुमारे चार हजार लिटर. एका दिवसात सहा मिलिमीटर उडाले, तर एकरी चोवीस हजार लिटर गेले.

‘पीक हिरवे आहे ना, मग पाणी पुरेसे आहे’

हिरवेपणा उशिरा बोलतो. पाण्याचा ताण पडला की पीक आधी पानांवरची सूक्ष्म छिद्रे आवळून घेते, वाफ कमी होते आणि पान तापू लागते. रंग बदलायला त्यानंतर काही दिवस जातात. उलट बाजूही आहे. नुकतेच भिजवलेले उघडे रान हिरवे नसते, पण त्यातून पाणी जोरात उडत असते. म्हणून नुसता हिरवेपणा मोजणारे नकाशे पिकाची वाढ दाखवतात, पाण्याचा खर्च नेमका सांगत नाहीत. तापमान बघणारा संवेदक लागतोच.

पिकाची पाण्याची गरज सांगणाऱ्या तक्त्यांचीही अशीच गल्लत होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पद्धतीत आधी १२ सेंटिमीटर उंचीच्या, पाण्याची कमतरता नसलेल्या गवताचे बाष्पपर्णोत्सर्जन हवामानावरून काढतात, आणि त्याला पिकाच्या गुणांकाने गुणतात. येणारा आकडा पिकाला किती पाणी हवे ते सांगतो. पिकाला प्रत्यक्षात किती मिळाले, हे तो सांगत नाही. दुष्काळी तालुक्यात या दोन आकड्यांमध्येच सगळी कहाणी असते.

‘ठिबक केले, म्हणजे पाणी वाचले’

हा समज सगळ्यांत खोल आहे आणि त्याच्याबद्दल बोलणे सगळ्यांत गरजेचे आहे. ठिबकामुळे शेतकऱ्याला कमी पाणी उपसावे लागते, वीज आणि खत वाचते, उत्पादन वाढते. हे सगळे खरे आहे, आणि त्यासाठी ठिबक करावेच. पण पाटाने दिलेले जे पाणी आपण ‘वाया गेले’ म्हणतो, त्यातले बरेचसे जमिनीत मुरते. कालव्याचे आवर्तन सुटले की लाभक्षेत्रातल्या विहिरींची पातळी वर येते, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ते पाणी वाया गेलेले नव्हते. शेजाऱ्याच्या विहिरीत गेले होते.

आता ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस किंवा द्राक्षे लावली, तर काय होते? दिलेले पाणी तेवढेच राहते, वाफ मात्र वाढते, आणि खालच्या विहिरीचा पाझर आटतो. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अनुभवांवरून हाच विरोधाभास मांडला. शेताच्या पातळीवर सिंचनाची कार्यक्षमता वाढली, तरी खोऱ्याच्या पातळीवर पाणी उरेलच असे नाही. महाराष्ट्राने २०१७ साली उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्यातून खरोखर किती पाणी उरले, हे बसवलेल्या संचांच्या संख्येवरून ठरणार नाही. लाभक्षेत्रातली एकूण वाफ घटली की वाढली, त्यावरून ठरेल, आणि एवढ्या मोठ्या क्षेत्रावर ते पाहायला उपग्रहासारखे साधन नाही.

वाफेतली खरी बचत कुठे असते? पिकाच्या वाढीला काहीही न देता उघड्या, ओल्या मातीतून जे पाणी उडते, तिथे. उसाचे पाचट न जाळता सरीत पसरणे आणि तण वेळेवर काढणे या साध्या कामांनी ही वाफ रोखता येते.

‘हे अंदाज आहेत, त्यांच्यावर काय निर्णय घ्यायचे?’

अंदाज आहेतच. पण किती चूक होते, हे तपासलेले अंदाज आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या १७ राज्यांसाठी २०२१ साली ‘ओपन-ईटी’ ही सेवा खुली झाली. ती सहा वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरे एकत्र करून आकडा देते. जमिनीवरच्या १५२ मापन केंद्रांशी ताडून पाहिलेले तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. शेतजमिनीवर महिन्याची सरासरी चूक १५.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १७ टक्के निघाली. या केंद्रांतल्या ज्या मनोऱ्यांवरच्या उपकरणांशी तुलना केली जाते, त्यांचाही ऊर्जेचा ताळेबंद पुरता जुळत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. शिवाय आपल्याकडे बहुतेक विहिरींना आणि बोअरला मीटरच नाही. तिथे १७ टक्के चुकीचा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

आयडाहोत ‘मेट्रिक’चे आकडे कागदावर राहिले नाहीत. तिथल्या जलसंपदा खात्याने स्नेक नदीच्या पठारावर पाणीहक्कांच्या कामात ते वापरले. पुढे अमेरिकेच्या लँडसॅट-८ या उपग्रहाच्या मूळ आराखड्यात उष्णतेचा संवेदकच नव्हता, तेव्हा पश्चिमेकडच्या राज्यांतल्या पाणी व्यवस्थापकांनी त्यासाठी आग्रह धरला. २०१३ साली उपग्रह उडाला तो संवेदक घेऊनच.

‘मग प्रत्येक शेताची पाणीपट्टी उपग्रहावरूनच लावू या’

इथे मी ठामपणे नाही म्हणेन. लँडसॅटच्या उष्णता-चित्रातला एक ठिपका १०० मीटर बाय १०० मीटर, म्हणजे एक हेक्टरचा असतो. आयडाहोत फिरत्या तुषार यंत्राखालचे एकेक गोल शेत पन्नास हेक्टरांच्या आसपास असते, त्यात असे पुष्कळ ठिपके बसतात. महाराष्ट्रातली सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे, आणि तीही अनेकदा तुकड्यांत. एका ठिपक्यात तुमचा ऊस, शेजाऱ्याची ज्वारी, बांध आणि रस्ता सगळे मिसळून जाते. दृश्य प्रकाशाच्या बारीक चित्रांची जोड देऊन ठिपका लहान करता येतो, पण त्यात अंदाजावर अंदाज चढतो. एखाद्या शेतकऱ्याला त्यावरून दंड करणे अन्यायाचे होईल. इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था मिळून ‘तृष्णा’ उपग्रहाची तयारी करत आहेत. त्याचा ठिपका ५७ मीटरचा, म्हणजे सुमारे ३२ गुंठ्यांचा असेल. सुधारणा मोठी आहे, तरीही गुंठ्यागुंठ्याचा हिशोब तिच्यातून निघणार नाही.

ढगांचा अडथळा वेगळाच. उष्णतेचे किरण ढगांतून आरपार येत नाहीत. लँडसॅट-८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी एक चित्र मिळते, आणि जून ते सप्टेंबरात त्यातली बरीच ढगांनी झाकलेली असतात. रडार उपग्रह ढगांपलीकडे पाहतात, पण तापमान सांगत नाहीत. म्हणून खरिपाचे आकडे हवामानाच्या नोंदींवरून मधल्या जागा भरून काढावे लागतात आणि ते सावधपणेच वापरायला हवेत. मात्र कालव्याच्या पाण्यावरून भांडणे होतात ती रब्बीत आणि उन्हाळ्यात, आणि तेव्हा आपले आकाश बहुतेक मोकळे असते. जिथे हिशोबाची सर्वाधिक गरज, तिथे हे साधन सर्वाधिक भरवशाचे आहे.

२००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांना पाणी घनफळाने मोजून देण्याची तरतूद केली. दिलेल्या पाण्याच्या त्या नोंदीशेजारी हंगामाच्या वाफेचा आकडा मांडला, तर वितरिकेच्या शेवटाला पाणी पोचले की वरच्या अंगालाच जिरले, हे संस्थेच्या बैठकीत सगळ्यांसमोर दिसेल. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ‘वापोर’ या मोफत संकेतस्थळावर २०१८ पासूनचे, दर दहा दिवसांचे, ३०० मीटर ठिपक्यांचे आकडे साऱ्या जगासाठी आहेत. एका शेतासाठी ते उपयोगाचे नाहीत. तालुका किंवा लाभक्षेत्रासाठी सुरुवात म्हणून चांगले आहेत. आपल्या पाणी वापर संस्थेत, ग्रामसभेत किंवा कृषी महाविद्यालयात कुणी संगणक जाणणारा तरुण असेल, तर येत्या रब्बीत आपल्या वितरिकेचा हा हिशोब मांडायला त्याला जरूर सांगा.