शहाण्या लेकराचं कोण पाहते?

रिद्धपूरहून अमरावतीला थेरपीला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराला कडेवर घेऊन माय सकाळची एसटी पकडते, बाप संत्र्याच्या बागेत. नऊ वर्षांची बहीण शाळेतून येते, आजीला चहा करून देते, भांडी घासते. शेजारीण कौतुकानं म्हणते, "पोरगी लय समजदार हाये, तिचं काई पाहाच नाई लागत." अडचण तिथंच आहे. तिचं कोणी पाहतच नाही.

भावानं तिची चित्रकलेची वही फाडली की उत्तर ठरलेलं: "जाऊ दे, त्याले कुठं समजते." त्याला समजत नाही हे खरंच, पण वही तिची फाटलेली असते. तिला राग येतो, मग राग आल्याचीच लाज वाटते. ती कुणाला सांगत नाही. रात्री पोट दुखतं एवढंच घरच्यांना कळतं. अशा घरांतली काही मुलं अभ्यासात मागे पडतात, तर काही पहिला नंबर सोडायचाच नाही असा हट्ट धरतात. मला या हट्टी मुलांची काळजी जास्त वाटते, कारण त्यांच्या हट्टाला घरात शाबासकी मिळते.

खरं सांगितलं नाही की मुलं आपापला अर्थ लावतात. मी ढकललं म्हणून भाऊ असा झाला का? मलाही होईल का? सेरेब्रल पाल्सी एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झाल्यानं किंवा त्याची वाढ नीट न झाल्यानं होते, एवढं सहा वर्षांच्या मुलालाही सांगता येतं. पुढे लग्नाच्या बोलणीत "घरात कोणी असं आहे का" हा प्रश्न येतोच. हे आनुवंशिक आहे का, याचं उत्तर डॉक्टरांकडून आधी समजून घेतलेलं बरं, गावगप्पांतून नको.

अमेरिकेत सिएटलला डॉन मेयर यांनी १९८०च्या दशकात अशा भावंडांसाठी 'सिबशॉप' सुरू केलं. खेळ, खाणं, आणि मधेमधे मनातलं बोलणं. आपल्याकडे त्यासाठी वेगळी इमारत नको. दिव्यांग मुलांच्या तपासणी शिबिरात भावंडंही आलेली असतात, चपला आणि पिशव्या सांभाळत बसलेली. विशेष शिक्षकानं त्यांना तासभर वेगळ्या खोलीत घेतलं तरी सुरुवात होईल. समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, पण भावाला शाळेत नेणारी, शौचाला नेणारी मदतनीस पुष्कळदा तिसरीतली बहीणच असते. तिचा वर्ग बुडतो, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते?

हा भार एकट्या पोरीवर नको, तो वाटून घेता येतो. रिद्धपुरात तेराव्या शतकात संत गोविंदप्रभूंचं वागणं अनेकांना वेडेपणाचं वाटे, तरी गावानं त्यांना सांभाळलं. महानुभाव पंथानं तर त्यांना परमेश्वराचा अवतार मानलं. त्यांना आजच्या दिव्यांगत्वाच्या चौकटीत बसवायचं नाही. पण वेगळं वागणाऱ्या माणसाला गाव वाटून घेऊ शकतं, हे इथं घडलेलं आहे. तसंच घरातही व्हावं: आठवड्यातून एक संध्याकाळ काकूनं मुलाजवळ बसावं आणि मायनं पोरीला घेऊन नुसतं बाजारात जावं. तिथं भावाचा विषय निघाला नाही तरी चालेल. आणि पोरीचं मन फारच दबलेलं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

राहतो तो "आमच्यामागं कोण?" हा प्रश्न. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक अनाथ दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नका, ही त्यांची मागणी जुनी आहे. घर असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असलेल्या व्यक्तीसाठी अठरा वर्षांनंतरही जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. हे बोलणं बहीण सोळा-सतराची झाली की तिच्यासमोर व्हावं, आणि "मला नाही जमणार" म्हणायची मुभा तिला असावी. पालक होणं म्हणजे रोज जेवू घालणंच असं नाही. पुण्याला नोकरी करणारी बहीणही पालक राहू शकते. रोजची देखभाल दुसऱ्या कुणाकडे देता येते, मालमत्तेचा हिशेब मात्र तिनं दरवर्षी द्यायचा असतो.