कोयनेच्या पाण्यामागून दाभोळपर्यंत

मलकापूरच्या कडेने वाहणारी कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराची वाट धरते. तिचं बरंचसं पाणी मात्र कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातूनच पश्चिमेकडे वळतं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते वीजघरांत कोसळतं, वीज निर्माण करतं, चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उतरतं आणि दाभोळला अरबी समुद्र गाठतं. चार टप्प्यांच्या या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलेल्या मलकापूरकराला गोवळकोटच्या धक्क्यावर आपलीच नदी पुन्हा भेटते. इथून पुढची वाट होडीची. निघायचं कधी, हे भरती-ओहोटी ठरवते. काठाला खारफुटी, ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी, मधूनच जाळं टाकणारी एखादी छोटी होडी. खाडी रुंदावत जाते आणि मुखाशी उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला वेलदूर, अंजनवेल आणि गोपाळगड दिसू लागतात. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३पासून माणसांसोबत गाड्याही पलीकडे नेते. त्याआधी गाडीवाल्यांना चिपळूणचा मोठा वळसा पडे.

दाभोळ हे एकेकाळी दख्खनचं मोठं बंदर होतं. बोलोन्याचा प्रवासी लुडोविको दी वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी इथे आला. मोठ्या नदीकाठचं हे तटबंदीचं शहर त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. ते पुस्तक १५१०मध्ये रोममध्ये छापलं गेलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १५०८मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने दाभोळ जाळून लुटलं होतं.

वार्थेमाच्या देशातला, म्हणजे इटलीतला, चिंक्वे तेर्रेचा किनारा आज जगभरचे पर्यटक बोटीतून पाहतात. कड्यांना बिलगलेली पाच गावं, मोन्तेरोस्सोचे खारवलेले छोटे मासे, डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेली द्राक्षशेती. १९९७मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, १९९९मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. पण शेती सुटली तसे बांध ढासळू लागले. २५ ऑक्टोबर २०११च्या अतिवृष्टीत वेर्नाझ्झा आणि मोन्तेरोस्सो चिखलाखाली गेली. जुलै २०२१चा महापूर सोसलेल्या चिपळूणकरांना ते दुःख वेगळं सांगावं लागणार नाही.

पर्यटकाला भुरळ घालणारा किनारा तिथल्या माणसांच्या कष्टांवर उभा असतो. दाभोळ खाडीत ते कष्ट भोई, खारवी आणि दालदी कुटुंबांचे आहेत. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याने मासे मरतात, ही त्यांची तक्रार जुनी आहे. खाडीत पर्यटनाच्या बोटी वाढवायच्या असतील, तर पहिले परवाने याच कुटुंबांना मिळायला हवेत, आणि खाडीच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल गोवळकोट ते दाभोळ प्रत्येक धक्क्यावर मराठीत लागायला हवेत.