जाड पिशवीसाठी सुई आणि दोरा

वरचे कापड, मधला कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा भराव आणि खालचे अस्तर असे तीन थर गोधडीप्रमाणे एकत्र टिपून शिवलेली पिशवी हलकी असते, तिचा आकार ढळत नाही आणि तिच्यातल्या वस्तूंना धक्का लागत नाही. मात्र ती शिवताना यंत्र टाके सोडते, दोरा तुटतो किंवा खालच्या बाजूला गुंता होतो, आणि अशा वेळी बहुतेक जण यंत्राला दोष देतात किंवा दोऱ्याचा ताण कमीजास्त करीत बसतात. प्रत्यक्षात यांतील पुष्कळशा तक्रारींचे मूळ सुई आणि दोरा यांच्या न जुळलेल्या जोडीत असते.

पिशवीची जाडी सर्वत्र सारखी नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. सपाट भागावर सुईखाली तीनच थर येतात. परंतु तोंडाजवळ जिथे बाजूची शिवण येऊन मिळते, तिथे शिवणीची दुमडलेली माया एकाच बाजूला वळवलेली असेल तर मूळ तीन आणि मायेचे सहा असे नऊ थर होतात, आणि त्यावर कडा आत मोडलेली गोटाची पट्टी बसवली की दोन्ही बाजूंचे मिळून आणखी चार, म्हणजे एकूण तेरा थर सुईला भेदावे लागतात. सुईची निवड या सर्वांत जाड जागेचा विचार करूनच व्हायला हवी. तीन थरांवर सुरेख चालणारी सुई तेराव्या थरापर्यंत सरळ पोहोचेलच असे नाही.

याचे कारण टाका कसा तयार होतो यात आहे. सुई तळाशी जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर येऊ लागली की कापडाच्या घर्षणामुळे अडलेला दोरा तिच्या मागच्या खाचेजवळ फुगतो, त्याचा छोटा फास होतो आणि शटलचे टोक त्या फासात शिरून त्यात खालचा दोरा अडकवते. बारीक सुई जाड थरांत किंचित वाकली तरी शटलचे टोक फासाच्या बाजूने निघून जाते आणि टाका सुटतो. सुई अधिक वाकली तर ती खालच्या पट्टीवर आपटून मोडते. सुईच्या पुढच्या बाजूला जो लांब चर असतो, तो खाली जाणाऱ्या दोऱ्याला कापडाच्या घासणीपासून वाचवण्यासाठी असतो. दोरा त्या चरात मावला नाही, तर प्रत्येक टाक्याला तो घासतो, त्याचे तंतू सुटतात आणि अखेरीस तो तुटतो.

म्हणून निवडीचा क्रम दोऱ्यापासून सुरू होणे योग्य. वजन पेलणाऱ्या शिवणींसाठी, म्हणजे बाजू, तळ आणि बंद यांच्यासाठी, पॉलिएस्टरचा दोरा उत्तम, कारण तो झटका बसल्यावर थोडा ताणला जातो, धुतल्यावर आटत नाही आणि पावसाळी दमटपणात सुती दोऱ्यासारखा बुरशीने कमजोर होत नाही. नायलॉनचा दोराही मजबूत असतो, पण सतत उन्हात राहिला तर त्याचा कस कमी होतो. वरची नक्षीदार टिपण मात्र सुती दोऱ्याने अधिक खुलते आणि तिच्यावर फारसा भार नसल्याने तिथे सुती दोरा वापरायला हरकत नाही.

दोऱ्याची जाडी टेक्स या मापाने मोजतात; एक हजार मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा टेक्स. रोजच्या शिवणकामाचा पॉलिएस्टर दोरा टेक्स ३०च्या आसपास असतो, पिशवीच्या भारवाही शिवणीला टेक्स ४० ते ६० शोभतो. रिळावर टेक्स नसून ४० किंवा ५० असा नुसता क्रमांक असेल तर गणित उलटे होते, कारण त्या पद्धतीत आकडा वाढला की दोरा बारीक होतो. सुयांतही हाच घोटाळा आहे: यंत्राच्या सुईचा क्रमांक वाढला की ती जाड होते, हातशिवणीच्या सुईचा क्रमांक वाढला की ती बारीक होते. दुकानातून चुकीची सुई घरी येण्यामागे बरेचदा ही उलटसुलट मोजणीच असते.

यंत्राच्या सुईवर ९०/१४, १००/१६, ११०/१८ असे दोन आकडे असतात. पहिला सुईच्या पात्याचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये सांगतो, म्हणजे १०० क्रमांकाची सुई एक मिलिमीटर जाड. दुसरा आकडा जुन्या पद्धतीचा असून आपल्याकडे सुई मागताना १४ किंवा १६ नंबर असाच मागितला जातो. टेक्स ३०च्या दोऱ्याला १४ नंबर, टेक्स ४०ला १६ आणि टेक्स ६०ला १६ किंवा १८ नंबर साधारणतः जुळतो. जोडी पारखण्याची सोपी रीत अशी की सुई यंत्रातून काढून तिच्या नेढ्यात हातभर दोरा ओवावा, दोरा ताणून तिरका धरावा आणि सुई आपोआप घरंगळते का ते पाहावे. ती अडली तर नेढे त्या दोऱ्याला लहान आहे.

जाडीइतकेच टोकही महत्त्वाचे. घट्ट विणीचे अनेक थर भेदण्यासाठी जीन्सची सुई सर्वांत भरवशाची, कारण तिचे टोक तीक्ष्ण आणि पाते ताठ असते. ठसठशीत जाड दोऱ्याने वरची टीप मारायची असेल तर मोठ्या नेढ्याची टॉपस्टिच सुई घ्यावी आणि बॉबिनमध्ये नेहमीचाच दोरा ठेवावा. चामड्याची सुई मात्र कापडी पिशवीला कटाक्षाने टाळावी. तिचे पातळ धारदार टोक तंतू बाजूला सारत नाही, कापते. जाड सुई आणि आखूड टाका यांचा मेळही असाच घातक ठरतो, कारण ११० क्रमांकाच्या सुईने दोन मिलिमीटरचे टाके घातले तर दोन छिद्रांमध्ये जेमतेम ०.९ मिलिमीटर कापड उरते आणि भार पडताच पिशवी त्या रेषेवर फाटू शकते. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा ठेवला की ही भीती बरीच कमी होते.

घरगुती यंत्राला १८ नंबरच्या पुढे नेणे इष्ट नाही. तेरा थरांच्या जागी शिवणीची माया पायऱ्यांसारखी कमीअधिक कापावी, सांधा हातोडीने हलके ठोकून सपाट करावा आणि तेवढे टाके पायडल किंवा मोटर थांबवून हाताने चाक फिरवत घालावेत. तरीही सुई अडत असेल तर ते टोक सरळ हाताने शिवावे. मेण लावलेला दुहेरी दोरा, लांब नेढ्याची भक्कम सुई आणि ती ढकलायला अंगुस्तान एवढे साहित्य त्याला पुरते, आणि जुनी लुगडी एकावर एक ठेवून धावदोऱ्याने गोधडी शिवणाऱ्या बायकांनी यंत्रावाचून असेच जाड थर आजवर जोडले आहेत.