दोन पंखांचं गणित

येरवड्याचा आगाखान पॅलेस म्हटलं की गांधीजींची स्थानबद्धता आणि कस्तुरबा, महादेवभाईंच्या समाध्या आठवतात. पण 1892मध्ये हा वाडा बांधणाऱ्या सुलतान महंमद शाह आगाखानांचं भारतीय विमानविद्येवरही मोठं ऋण आहे. इंग्लंड-भारत अंतर एकट्याने, महिन्याच्या आत उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला त्यांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं. 1930मध्ये ते जिंकलं सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनिअरने. जे. आर. डी. टाटा उलट दिशेने, कराचीहून निघाले होते. इजिप्तमध्ये अबूकीरला अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी जवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले आणि थोडक्यात शर्यत गमावली. दोघांचीही विमानं जिप्सी मॉथ, म्हणजे दुपंखी.

तेव्हा लढाऊ विमानंही दुपंखीच असत. त्या काळचा लाकडी कण्यांचा, कापडाने मढवलेला पातळ पंख एकट्याने भार पेलू शकत नसे, वाकायचा. म्हणून एकावर एक दोन पंख ठेवून मध्ये खांब आणि फुलीसारख्या ताणलेल्या तारा बसवत. वरचा पंख दाब घेई, तारा ताण घेत. लोखंडी पुलाची कैची असते तीच ही रचना. वजन कमी, पंख आखूड, त्यामुळे विमान चटकन वळे. हवेतल्या झुंजीत त्याहून मोलाचं काय असणार?

किंमत मोजावी लागे ती वेगात. प्रत्येक तार हवा अडवते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला इंजिनाची ताकद लागते आठपट. शिवाय खालच्या पंखावरचा कमी दाब आणि वरच्या पंखाखालचा जास्त दाब एकमेकांना मारक ठरतात. ब्रिटनचं शेवटचं दुपंखी लढाऊ विमान, ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, 1934मध्ये उडालं आणि पुढच्याच वर्षी एकपंखी हरिकेन आलं.

तरीही दुपंखी विमानांना जुनाट म्हणून हिणवणं मला पटत नाही. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीत भारतीय वायुदलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वेस्टलँड वापिटी विमानांवर. हे निव्वळ लढाऊ विमान नव्हतं. टेहळणी, बाँबफेक, सगळी कामं त्याच्याच गळ्यात. पुढे वैमानिकाची मशीनगन, मागे दुसऱ्या माणसाची. वझिरीस्तानच्या डोंगरात कुठेही उतरावं लागेल म्हणून जादा चाकही सोबत बांधलेलं असे. तिथे वेगापेक्षा दणकटपणाच कामाचा होता. अस्पी याच स्क्वाड्रनमध्ये वापिटी उडवत होता आणि 1960मध्ये तो वायुदलप्रमुख झाला.

येरवड्याजवळच्या लोहगावला धावपट्टी झाली 1939मध्ये, दुपंखी विमानांचा काळ सरत असताना. दिल्लीला गेलात तर पालमच्या वायुदल संग्रहालयातली वापिटी जरूर पाहा आणि पंखांमधल्या तारांपाशी थोडं थांबा.