अपील दाखल झाले, पण ताबा वाचला का?

जमिनीच्या दाव्यात निकाल विरोधात गेला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "घाबरू नका, वरच्या कोर्टात अपील टाकलंय." लोक निर्धास्त होतात. आणि एका सकाळी बेलिफ पोलीस बंदोबस्त घेऊन दारात उभा राहतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 41, नियम 5 सांगतो की केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. अपील चालू असतानाही समोरचा पक्ष खालच्या कोर्टात दरखास्त लावू शकतो आणि कोर्ट ताब्याचे वॉरंट काढू शकते. ते थांबवायचे तर स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यावर आदेश मिळवावा लागतो. अर्ज 'दाखल' असणे पुरेसे नाही, आदेश हातात हवा.

अपील जिंकल्यावर ताबा परत मिळवण्याची सोय कलम 144 मध्ये आहे, हे खरे. पण पाडलेले घर कलमाने उभे राहत नाही. वस्ती एकदा पांगली की अपील लढायला माणसेही उरत नाहीत. म्हणून आमच्या मते अपिलाच्या मुद्द्यांइतकीच मेहनत या अर्जावर घेतली पाहिजे.

न्यायालय तीन गोष्टी बघते : स्थगिती नाकारली तर अर्जदाराचे मोठे नुकसान होईल का, अर्ज विनाकारण उशिरा आला आहे का, आणि पुढे अपील हरल्यास हुकूमनामा पाळण्याची हमी म्हणून तारण दिले आहे का. पहिल्या मुद्द्यावर आपले अर्ज फार ढोबळ असतात. "आम्ही गरीब आहोत, पिढ्यान्‌पिढ्या राहतो" एवढ्यावर भागत नाही. किती घरे आहेत, किती माणसे आहेत, उभे पीक कोणते, विहीर कुणाची, हे लिहा. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मतदार यादी आणि फोटो जोडा. तारणाचा विषय निघाला की आपल्याकडे घबराट होते. कोर्ट काही रक्कम भरायला सांगू शकते. ताबा ठेवायचा असेल तर वापराचा मोबदला भरण्याची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात भाडेकरूच्या बाबतीत मान्य केले आहे. अट पाळली नाही तर स्थगिती जाऊ शकते, म्हणून वर्गणीचा हिशेब आधीच लावून ठेवावा.

सगळ्यात नाजूक काळ निकालानंतरच्या पहिल्या काही दिवसांचा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. नक्कल मिळायला लागणारे दिवस त्यातून वगळले जातात, पण नकलेचा अर्ज लगेच केलेला बरा. मग नक्कल हाती येईपर्यंत काय? ज्या न्यायालयाने निकाल दिला, तेच न्यायालय अपिलाची मुदत संपण्यापूर्वी स्वतःच्या हुकूमनाम्याला स्थगिती देऊ शकते. ही सोय फार कमी जण वापरतात. निकाल लागला त्याच दिवशी वकिलांना हा अर्ज द्यायला सांगा. मोर्चा आणि निवेदन नंतर! मुदत उलटून अपील केले तर आधी विलंब माफीचा प्रश्न येतो, आणि अपील ऐकायचे की नाही हे ठरेपर्यंत न्यायालय स्थगिती देऊ शकत नाही.

वरून स्थगिती मिळाली, पण आदेश अजून खाली पोहोचला नाही, अशा वेळी अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवर आधारित प्रतिज्ञापत्र खालच्या कोर्टात द्यावे. त्यावर त्या कोर्टाने कार्यवाही करावी, असे नियमातच म्हटले आहे.

स्थगिती मिळाली म्हणजे मालकी मिळाली नाही. उत्तराखंडमधील हल्द्वानीचे उदाहरण घ्या. रेल्वे ज्या जमिनीवर हक्क सांगते, तिथली वस्ती हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2022 रोजी दिला. रहिवाशांना एका आठवड्याची नोटीस द्यायची होती. 5 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला, पण त्याच वेळी त्या जमिनीवर नवे बांधकाम करण्यासही मनाई केली. आपल्याकडे मात्र स्थगिती आली की पेढे वाटून लगेच वाढीव खोलीचा पाया खोदला जातो. तो पाया पुढे समोरच्या वकिलाच्या कामी येतो.

अशी स्थगिती किती दिवस टिकते, याबद्दलही गोंधळ आहे. सहा महिन्यांनी ती आपोआप संपते, असा समज 2018 च्या एका निकालामुळे पसरला होता. 29 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका बदलली. तरी आदेशातच 'पुढील तारखेपर्यंत' असे शब्द असतील तर त्या तारखेला हजर राहून मुदत वाढवून घ्यावीच लागते.

आणखी एक. आपणच दावा लावला होता आणि तो फेटाळला गेला, तर अंमलबजावणीसारखे सहसा काही उरतच नाही. तिथे स्थगिती नव्हे, अपिलातच तात्पुरता मनाई हुकूम मागावा लागतो.

वतनी जमिनींचे अनेक वाद दिवाणी कोर्टात न जाता तहसीलदार, प्रांत यांच्याकडे चालतात. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. त्या शर्तभंगाच्या आणि फेरफाराच्या आदेशांना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 256 लागू पडते. अपील होण्याआधी आदेश देणारा अधिकारी आणि अपिलानंतर वरचा अधिकारी स्थगिती देऊ शकतो. इथेही ती मागावी लागते, आणि मिळालेला आदेश तलाठी कार्यालयात देऊन पोच घ्यावी लागते. नाहीतर नोंद प्रमाणित होऊन जाते.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून मुदत घालवू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला सोबत ठेवा. अर्ज तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे करायचा असतो.