अमेरिकेत आरक्षण नाही, मग तिथे समान संधी आहे का?

आरक्षणाचा वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "अमेरिकेत कुठे आहे आरक्षण? तिथे फक्त गुणवत्ता चालते." आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी याला घोषणेने नव्हे, माहितीने उत्तर दिले पाहिजे.

अमेरिकेतील सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून येतो. जिथे घरे महाग, तिथली शाळा श्रीमंत. कोण कुठे राहणार हेही आपोआप ठरले नाही. १९३० च्या दशकापासून सरकारी यंत्रणेनेच कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवून तिथे गृहकर्जाची हमी नाकारली. १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण वस्त्या वेगळ्या राहिल्या, त्यामुळे शाळाही बऱ्याच अंशी वेगळ्याच राहिल्या.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओचे उदाहरण पाहा. १९६७-६८ मध्ये एजवूड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या भागात दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर खर्च होत होते. त्याच परिसरातील श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर. विशेष म्हणजे एजवूडचे लोक जास्त दराने कर भरत होते! पालक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे त्यात म्हटले.

उच्च शिक्षणात 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' होते, पण ते आपल्यासारखे आरक्षण नव्हते. १९७८ च्या बाकी खटल्यात एका वैद्यकीय महाविद्यालयातील १०० पैकी १६ राखीव जागांची पद्धत रद्द झाली. प्रवेशात वर्णाचा विचार अनेक निकषांपैकी एक म्हणून करण्याची मुभा तेवढी उरली. २९ जून २०२३ रोजी न्यायालयाने तीही जवळपास संपवली. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या नव्या तुकडीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले.

मग उरली ती निव्वळ गुणवत्ता का? हार्वर्डच्या खटल्यात उघड झालेल्या आकडेवारीनुसार, प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची वा प्राध्यापकांची मुले, किंवा देणगीदारांशी संबंधित अशा खास यादीतले होते. वशिल्याच्या या राखीव जागांना कोणी आरक्षण म्हणत नाही.

आपल्यासाठी यात एक धडा आहे. भारतातही १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात समानतेच्याच नावाने राखीव जागा रद्द झाल्या होत्या. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. आपल्याकडे विशेष तरतुदीचा अधिकार घटनेतच लिहिलेला आहे. अमेरिकेत तो न्यायाधीशांच्या अर्थ लावण्यावर उभा होता, म्हणून एका निकालाने गेला.

बाबासाहेबांकडे गुणवत्ता होतीच. तरी १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचायला बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती लागली. म्हणून पुढच्या वेळी कोणी अमेरिकेचा दाखला दिला, तर त्याला शांतपणे एवढेच विचारा: तिथली गुणवत्ता मोजायला सुरुवात कुठून करायची, परीक्षेपासून की घरपट्टीपासून?